दारातली पाचर

कारची काच खाली जाते तेव्हा नेमकी जाते कुठे? लहान मुलं हा प्रश्न विचारतात. मोठी माणसं विचारत नाहीत, बटण दाबतात.

काच दारात जाते. कारचं दार ही खरं तर एक पातळ पेटी असते. बाहेरचा रंगवलेला पत्रा, आतला मोठमोठ्या भोकांचा पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये वीतभरही नाही एवढी जागा. त्या जागेत काच उभी सरकते. तिच्या खालच्या कडेला धातूची पट्टी असते आणि ती पट्टी एका यंत्रणेवर बसलेली असते. जुन्या गाड्यांत कात्रीसारखे दोन हात, नव्या गाड्यांत बऱ्याचदा एक बारीक वायररोप आणि त्यावर वर-खाली होणारा प्लास्टिकचा तुकडा. गॅरेजमध्ये या सगळ्याला मिळून काचेची मशीन म्हणतात. काचेच्या दोन्ही बाजूंना रबराची खाच असते, तिला चॅनेल म्हणतात. काच सरळ राहते ती या चॅनेलमुळे. मशीन फक्त ढकलते.

आणखी एक गोष्ट बहुतेक मालकांना माहीत नसते. पावसात काचेवरून ओघळणारं पाणीही दारात जातं. ते जावं अशीच रचना आहे. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते बाहेर पडतं. आतल्या पत्र्यावर प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो, त्यामुळे पाणी सीटपर्यंत येत नाही. या सगळ्यावर शेवटी दाराचं पॅड बसतं, ज्यावर आपण कोपर टेकवतो आणि ज्याच्या खणात पाण्याची बाटली नि टोलच्या पावत्या कोंबतो. पॅडच्या मागे काय आहे ते पाहायची वेळ मालकावर सहसा येत नाही.

मराठवाड्यात ती जरा लवकर येते. आमच्याकडचा उन्हाळा रबराला मानवत नाही. तीन-चार वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर चॅनेलचं रबर आक्रसतं, कडक होतं. वरून काळ्या मातीची धूळ. ती पिठासारखी बारीक असते आणि रबराच्या खाचेत जाऊन बसली की निघत नाही. काच एका बाजूला अडते, मशीन दुसऱ्या बाजूने ढकलत राहते, काच तिरकी होते. हे वर्षभर चालतं. काच वर जाताना कुरकुरते, आपण गाण्याचा आवाज वाढवतो. मग एक दिवस 'कट्' असा आवाज होतो, प्लास्टिकचा तो तुकडा तुटतो किंवा रोलर पट्टीतून निसटतो आणि काच दारात पडते.

दुरुस्ती अवघड नाही, चिकाटीची आहे. पॅडचे स्क्रू काढायचे. त्यातला एक हमखास हँडलच्या झाकणाखाली लपवलेला असतो. क्लिपा एकेक करून सोडवायच्या, त्यातल्या दोन तुटणारच. प्लास्टिकचा कागद न फाडता सोलायचा. काच हाताने वर ओढून चौकटीला टेप लावून टांगायची. मशीन सोडवायची, तपासायची, तुकडा किंवा सगळी मशीन बदलायची. चॅनेल पुसून घ्यायचा, सिलिकॉनचा फवारा मारायचा. इंजिन ऑइल मारायचं नाही, ते रबर फुगवतं आणि धूळ धरून ठेवतं. मग काच पट्टीत बसवायची, बोल्ट अर्धवट आवळायचे, काच दोनदा वर-खाली करून तिला तिची जागा सापडू द्यायची आणि मगच बोल्ट पूर्ण आवळायचे. शेवटी कागद होता तसा चिकटवायचा. हा शेवटचा टप्पा निम्म्या ठिकाणी गाळला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला का, हे कुणाला कळत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरची हॅचबॅक लातूरहून सेकंडहँड घेतलेली आहे. तिच्या मागच्या डाव्या दाराची काच कधीच खाली यायची नाही. बटण दाबलं की काहीच नाही, आवाजसुद्धा नाही. स्विच गेला असेल म्हणून एका ठिकाणी स्विच बदलून घेतला होता, उपयोग झाला नव्हता. मागे बसणारं घरात फारसं कुणी नसल्याने विषय तिथेच राहिला. गेल्या उन्हाळ्यात एसी कमी पडायला लागला तेव्हा नांदेडमध्ये दार उघडून घेतलं.

आत लाकडाची पाचर होती. फळांच्या पेटीच्या फळीतून कापलेली, काच आणि आतला पत्रा यांच्यामध्ये खालून ठोकलेली. काचेला लागू नये म्हणून टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून वर तार बांधली होती. मोटरचा प्लग काढून बाजूला टेपने चिकटवला होता, म्हणजे कुणी बटण दाबलंच तर मशीनने काचेशी झटापट करू नये. प्लास्टिकचा कागदही नीट परत लावलेला होता. ज्याने कुणी हे केलं त्याला काम येत होतं आणि त्याने घाई केली नव्हती.

मेकॅनिक पाचर हातात फिरवत म्हणाला, "जिसने भी मारा, दिमाग से मारा." त्याच्या आवाजात कौतुक होतं. वडील म्हणाले, "फसवलं की आपल्याला." दोघं एकाच लाकडाच्या तुकड्याकडे बघत होते.

मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं. ते कसं, हे शोधायला मला बरेच महिने लागले.

जुगाड या शब्दाचं आपल्याकडे एक तर फार कौतुक होतं किंवा फार हेटाळणी. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तो भारतीय प्रतिभेचा पुरावा असतो आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या व्हायव्हात शिवी असते. दोन्हीकडे एक साधा फरक निसटतो. बंपर तारेने बांधलेला असतो तेव्हा ती तार सगळ्यांना दिसते. फुटलेल्या काचेवर टेप असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पिनेऐवजी सळई असते, रिक्षाचं दार दोरीने बंद असतं. हे जुगाड स्वतःच बोलतात: मी तात्पुरता आहे, जपून. पाहणारा आपला अंदाज बांधतो, मागे दोन हात जास्त अंतर ठेवतो. पाचर बोलत नाही, कारण तिच्यावर पॅड बसलंय. बाहेरून ते दार चांगल्या दारासारखंच दिसतं. काच बंद आहे आणि चांगल्या दाराची काचही बहुतेक वेळ बंदच असते.

म्हणजे तात्पुरत्या कामात माझ्या मते काहीच गैर नाही. गैर असलं तर ते पॅड लावण्याच्या क्षणात आहे. पण त्या क्षणी कुणी कुणाला काय सांगायला हवं होतं? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

पाचर म्हटलं की मराठी माणसाला पंचतंत्रातलं माकड आठवतं. सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून जेवायला जातात, माकड ओंडक्यावर बसून ती उपटतं आणि चिरडून मरतं. शाळेत या गोष्टीचं तात्पर्य 'नसत्या उठाठेवी करू नयेत' असं शिकवतात, म्हणजे सगळा दोष माकडाला. सुतारांना कुणी काही विचारत नाही. आणि विचारायचं कारणही नाही, कारण त्यांची पाचर उघड्यावर होती आणि त्या कामात पाचर ठोकण्याचीच रीत आहे. दारातल्या पाचरीला यातलं काहीच लागू होत नाही. इथे उपटणाऱ्याला ती दिसणारच नाही.

विकणाऱ्याने दोष सांगावा का, हा वाद फार जुना आहे. सिसेरोने इसवीसनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एक घर विकायला काढतो. घर बाहेरून छान, पण लाकूड किडलेलं, खोल्यांतून साप-किडे निघतात आणि हे मालकाशिवाय कुणालाच माहीत नाही. सांगावं का? तो दोन स्टोइक गुरू-शिष्यांना समोरासमोर उभं करतो. गुरू डायोजेनिस म्हणतो, मी खोटं बोललो नाही, घर घ्या म्हणून कुणावर जबरदस्ती केली नाही. न सांगणं वेगळं, लपवणं वेगळं. शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं जर लाजिरवाणं असेल, तर घेणाऱ्याला जाणूनबुजून खड्ड्यात पडू देणं त्याहून वाईट आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने आहे. डायोजेनिस नंतर बेरोजगार झाला नाही, एवढंच म्हणेन. गाड्यांच्या जाहिराती चाळून बघा, 'सिंगल ओनर, नो वर्क, फक्त चालवा' या प्रत्येक ओळीत तो बसलेला आहे.

आपला कायदाही बराचसा त्याच्याच बाजूचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १७ वं कलम फसवणुकीची व्याख्या करतं आणि सांगतं की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. अपवाद दोनच: बोलणं हे कर्तव्य असेल अशी परिस्थिती, किंवा गप्प बसणं हे बोलण्यासारखंच ठरेल अशी. खाली उदाहरणं दिली आहेत आणि ती चक्क घोड्याची आहेत. खोड असलेला घोडा मालकाने लिलावात विकला, काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. घेणारी मालकाचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणं त्याच्यावर आलं. आणि घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरतो," आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे होकारच.

हे वाचताना मला माळेगाव आठवलं. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात. घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांचा बाजार. तिथे घोडा घेणारा माणूस मालकाच्या बोलण्यावर फारसा विसंबत नाही. तो दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो, पळवून बघतो. घोड्याची बरीचशी खोड घोड्यावरच दिसते आणि ती वाचायची विद्या घेणाऱ्याकडे असते. १८७२ चा कायदा अशा माणसाला समोर धरून लिहिला असावा असं वाटतं: डोळे उघडे ठेव, नाहीतर स्पष्ट विचार. पण कारच्या बाजारात ही विद्या कुणाकडे आहे? आपण टायरला लाथ मारतो, बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने आत बघतो आणि कागदपत्रं मागतो. दाराचं पॅड काढून दाखवा असं म्हणणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही.

अर्थशास्त्रात यावर एक प्रसिद्ध निबंध आहे, जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा, १९७० मधला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. (आपल्याकडे गाडी खराब निघू नये म्हणून लिंबू बांधतात, तो भाग वेगळा.) त्याचं म्हणणं असं: घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती विकायला काढत नाही. बाजारात उरलेल्या गाड्या आणखी वाईट, भाव आणखी खाली. अ‍ॅकरलॉफला २००१ मध्ये नोबेल मिळालं ते बाजारातल्या असमान माहितीवरच्या कामासाठी. म्हणजे पाचर लपवणारा एकटा मालक फक्त एका गिऱ्हाईकाला फसवत नाही, तो प्रामाणिक मालकाचाही भाव खातो.

इथपर्यंत वडिलांची बाजू झाली. आता पाचर मारणाऱ्याची.

त्याचा विचार करताना मला त्याच्यासमोरची परिस्थिती डोळ्यांपुढे आणावी लागते. गिऱ्हाईक आलंय, पावसाळा तोंडावर आहे, काच दारात पडलीय. तुटलाय तो प्लास्टिकचा एक तुकडा, बोटभर. पण तो तुकडा सुटा मिळत नाही, पूर्ण मशीन घ्यावी लागते, मोटरसकट. दुकानात तिचा भाव अडीच हजार. गिऱ्हाईक म्हणतं, मागची काच आहे, कोण उघडतंय, वर करून बंद करून टाका. मेकॅनिक दोनशे रुपयांत पाचर मारतो. गिऱ्हाईक खूश. यात फसवलं कुणी कुणाला? पैसे देणाऱ्याला सगळं माहीत आहे.

सुटा भाग का मिळत नाही, यालाही इतिहास आहे. शमशेर कटारिया यांच्या २०११ च्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने कार कंपन्यांची चौकशी केली. कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, अशी ती तक्रार होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग खुल्या बाजारात आणा असं सांगितलं. पुढे अपिलं झाली, वर्षं गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. हे सगळं चांगलंच आहे. पण लातूरच्या किंवा नांदेडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये आजही बोटभर प्लास्टिकसाठी सगळी मशीन घ्यायला लागत असेल, तर पाचरीचा सगळा दोष पाचर मारणाऱ्याच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. अर्धी पाचर आधीच कुणीतरी कारखान्यात ठोकलेली असते.

मग वडील कशावर चिडले होते? त्यांना फसवणारा मेकॅनिक नव्हता. ज्याने गाडी विकली त्याने फसवलं असं म्हणावं, तर त्यालाही पाचर माहीत होती कशावरून? आमच्या आधी गाडीचे दोन मालक झालेत. पहिल्याने पाचर मारून घेतली असेल, दुसऱ्याला 'काच बंद आहे' एवढंच कळलं असेल आणि त्याने आम्हाला तेवढंच सांगितलं. तसं त्याने सांगितलं होतंही. म्हणजे सगळे आपापल्या जागी जवळपास खरं बोललेले आहेत आणि तरीही तिसऱ्या मालकाच्या दारात एक न सांगितलेली गोष्ट आहे.

सिसेरोच्या घरात आणि माळेगावच्या घोड्यात ही अडचण येत नाही. तिथे विकणारा आणि घेणारा समोरासमोर असतात. कायद्याचीही नजर तेवढीच जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवा देणाऱ्याने ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी मानली आहे. उत्तम. पण आम्ही त्या गॅरेजचे ग्राहक नव्हतो. त्याचा ग्राहक पहिला मालक आणि त्याच्यापासून काहीच दडवलेलं नव्हतं.

ही बारीकसारीक कुरकुर वाटेल. एक काच उघडली नाही तर बिघडतं काय? बिघडतं ते पाण्यात. गेल्या काही पावसाळ्यांत मराठवाड्याने काय बघितलंय ते सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातली गावं रात्रीत पाण्याखाली गेली. आमच्याकडच्या ओढ्यांवर अजून कितीतरी कमी उंचीचे पूल आहेत आणि त्यांवरून पाणी वाहत असताना गाडी घालणारे लोकही आहेत. घालू नये, पण घालतात. गाडी पाण्यात गेली की बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही, म्हणून पहिल्या मिनिटातच पट्टा सोडून काच खाली घ्यायची आणि खिडकीतून बाहेर पडायचं, असं सगळीकडे सांगतात. बाजूची काच कडक केलेली असते, ती हाताने फुटत नाही. अशा वेळी मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसलेली व्यक्ती बटण दाबेल. ती गाडीची मालक नसेल, गिऱ्हाईक नसेल. कुणाची तरी आत्या असेल, लग्नाला निघालेली. तिच्यात आणि पाचरीत कसलाच करार नाही.

डायोजेनिस आणि अँटिपेटर दोघांनाही ही आत्या दिसत नाही. 'मी सांगितलं की नाही' हा त्यांचा वाद आहे आणि समोर नसलेल्या माणसाला तोंडाने सांगता येतच नाही. मला तर वाटतं दुरुस्ती करणाऱ्याची खरी जबाबदारी अशाच लोकांची असते, जे अजून आलेले नाहीत. समोरच्या गिऱ्हाईकाशी तो बोलून मोकळा होऊ शकतो. न आलेल्याशी बोलायचं तर एकच मार्ग आहे: वस्तूवर लिहून ठेवणं.

हे काही नवं नाही. रेल्वेच्या डब्यावर ओव्हरहॉलिंगची तारीख रंगवलेली असते. गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर पुढच्या चाचणीची तिमाही आणि वर्ष लिहिलेलं असतं, कधी तरी बघा. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले छोटं स्टिकर लावतात. आम्ही सॉफ्टवेअरवालेही कोडमध्ये टीप लिहितो, 'हे तात्पुरतं आहे, अमुक झालं की काढा', आणि ते अमुक बहुधा होत नाही. तरी टीप लिहिणारा आणि न लिहिणारा यांत फरक असतो, हे रात्री अडीचला दुसऱ्याचं कोड उघडावं लागलेल्या कुणालाही विचारा. गेल्या शतकात संगणकांत वर्षाचे दोनच आकडे साठवायचे, कारण जागा महाग होती. ती पाचर समजूतदारच होती. पण ती कुठे कुठे मारलीय याची नोंद नसल्यामुळे १९९९ मध्ये जगभर लोक दारं उघडून शोधत बसले आणि भारतातल्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांचं त्यावर भलं झालं. आमच्या धंद्याच्या भरभराटीला लोकांच्या विसरलेल्या पाचरी कारण आहेत, हे मला थोडं गमतीचं वाटतं.

लिहून ठेवण्यावर एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरने टीप लिहिली तर त्याचा पगार कापला जात नाही. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने दारात 'इथे पाचर आहे' असं लिहिलं तर तो स्वतःविरुद्ध पुरावा लिहून देतो. उद्या काही झालं तर लोक विचारतील, तुला माहीत होतं ना? न लिहिणाऱ्याला कुणी पकडू शकत नाही. प्रामाणिक राहण्याची किंमत ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याकडूनच ती वसूल करायची, असला हा व्यवहार आहे. म्हणून मला वाटतं, नाव लिहायची सक्ती नको. पुढे दार उघडणाऱ्याला 'कुणी' हे कळून फायदा नाही, 'काय' आणि 'कधी' एवढं पुरतं. नाव लागतं ते दोष द्यायला.

आमच्या दारात शेवटी नवी मशीन बसली. पण काचेखालची पट्टी जुन्या पाचरीच्या ताणाने सैल झाली होती आणि ती वेगळी मिळेना. मेकॅनिकने ती साफ करून काच चिकटवली. "कितने दिन चलेगा?" विचारलं तर म्हणाला, "साल-दो साल. उसके बाद देखना." मी त्याला म्हटलं, भाई, हे इथे कागदावर लिहून ठेवा ना. त्याला आधी वाटलं मी बिल मागतोय. मी प्लास्टिकच्या कागदाकडे बोट दाखवलं. तो हसला, पोराकडून मार्कर मागवला आणि मोठ्या अक्षरांत तारीख घालून लिहिलं: काच चिकटवली आहे. मग वरून पॅड बसवलं, दोन क्लिपा कमी होत्या त्या दुसऱ्या गाडीच्या आणून लावल्या.

घरी येताना वडिलांनी विचारलं, हे वाचणार कोण? गाडी विकताना गिऱ्हाईक पॅड थोडंच उघडणार आहे. मी म्हटलं, गिऱ्हाईकाला आपण तोंडाने सांगू. लिहिलंय ते त्याच्यानंतरच्यासाठी.

"सांगितलं तर पाच हजार तोडेल," ते म्हणाले.

तोडेल बहुतेक. पाच नाही, पण तीन तरी.